गिटारीवरचे नाव कोणाचे?

मागच्या वर्षी मिरजेतल्या एका वाचनालयात ‘वीज आणि वाद्ये’ या विषयावर माझे व्याख्यान झाले. बोलता बोलता मी म्हणालो, “अमेरिकन वादक लेस पॉल यांनी १९५२ साली तयार केलेली ही गिटार.” व्याख्यान संपल्यावर पहिल्या रांगेतले एक वयोवृद्ध गृहस्थ जवळ आले. सतारी बनवणाऱ्या घरातले. बोटांवर पॉलिशचे डाग. त्यांनी शांतपणे विचारले, “ते वाजवणारे होते, असं तुम्हीच सांगितलंत. मग वाद्य बनवलं कुणी?”

मी काहीतरी उत्तर दिले. घरी येऊन माझी टिपणे आणि जुने कॅटलॉग पुन्हा चाळले, तेव्हा ध्यानात आले की मी त्यांना चुकीची माहिती दिली होती. ती चूक निस्तरणे हा या लेखाचा पहिला हेतू.

मिरजेत असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांपासून येथे तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा सुरू झाली. त्या कामावरून ‘सतारमेकर’ हे आडनाव रूढ झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. येथे चांगला तंबोरा दिसला की लोक विचारतात, “कुणाच्या हातचा?” गायक कोण, हा पुढचा प्रश्न. विजेवर चालणाऱ्या गिटारीच्या जगात मात्र वाद्याच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत सही असते ती वाजवणाऱ्याची. अशा गिटारीला ‘सिग्नेचर गिटार’ म्हणतात.

मी वादक नाही. तीसेक वर्षे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले. गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रावाल्यांच्या गिटारी माझ्या टेबलावर यायच्या, त्या उघडून पाहता पाहता हा नाद लागला. त्यातच गेल्या फेब्रुवारीत पुण्यातल्या भाच्याचा फोन आला. “मामा, दोन वर्षं पैसे साठवलेत. लेस पॉल घ्यायची आहे. रंग मनासारखा, नॉब वेगळे. तू ये आणि सांग, एवढे पैसे घालण्यासारखं त्यात काय आहे?” एकाच विषयावर दोन प्रश्न, एक सत्तरीपलीकडच्या कारागिराचा आणि एक पंचविशीतल्या गिऱ्हाइकाचा. दोघांनाही उत्तर देणे भाग होते.

नावाचा करार

वादकाचे नाव वाद्याला देण्याची रीत लेस पॉल यांच्यापासून सुरू झालेली नाही. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस निक लुकास या लोकप्रिय गायक-वादकाच्या नावाने एक गिटार बाजारात आणली होती. ती साधी, पोकळ पेटीची, विजेविना वाजणारी गिटार. वादकाच्या नावाने विकली गेलेली ही पहिली गिटार मानली जाते.

लेस पॉल यांचे मूळ नाव लेस्टर विल्यम पोल्सफस. जन्म ९ जून १९१५, विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावी. लहानपणापासून हातात गिटार आणि डोक्यात रेडिओ. पोकळ गिटारीला पिकअप लावला की आवाज मोठा होतो. पण त्या आवाजाने गिटारीची पेटीच थरथरू लागते आणि शिट्टी सुरू होते. यावर उपाय म्हणून १९४०-४१ च्या सुमारास त्यांनी न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात सुट्टीच्या दिवशी बसून चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या सोटावर तारा आणि पिकअप चढवले. ते ध्यान गिटारीसारखे दिसावे म्हणून दुसरी एक गिटार उभी कापून तिचे दोन भाग दोन बाजूंना जोडले. त्या वाद्याला ते ‘लॉग’, म्हणजे ओंडका म्हणत. तो ओंडका त्यांनी गिब्सनला दाखवला. कंपनीने त्यांना हसून परत पाठवले.

पुढे १९५० साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली आणि ती विकली जाऊ लागली. तेव्हा गिब्सनला जाग आली. कंपनीचे अध्यक्ष टेड मॅककार्टी यांनी मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू इथल्या कारखान्यात स्वतःची भरीव गिटार तयार करायला घेतली.

माझी चूक होते ती इथे. या गिटारीच्या जन्माच्या दोन हकिगती आहेत. मॅककार्टी सांगत की गिटार कारखान्यात जवळपास पूर्ण झाली होती, ती घेऊन ते लेस पॉल यांच्याकडे गेले आणि करार करून आले. लेस पॉल सांगत की आराखड्यात त्यांचा मोठा वाटा होता. दोन्हींत जुळणारा एक भाग आहे. खालच्या टोकाला तारा अडकवायची पट्टी, ज्याला आपले सतारवाले तारदान म्हणतील, ती लेस पॉल यांची. तिचे पेटंट त्यांच्या नावावर आहे: क्रमांक २७,३७,८४२, साल १९५६.

गंमत अशी की १९५२ च्या गिटारीचा सर्वांत अडचणीचा भाग तोच ठरला. मान पुरेशा कोनात न बसवल्यामुळे तारा त्या दांडीच्या वरून नेता येईनात, खालून न्याव्या लागल्या. उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून आवाज दाबणे वादकांना जमेना. दोन वर्षांच्या आत कंपनीने ती पट्टी बदलली.

आणखी एक गोष्ट. लेस पॉल आणि त्यांच्या पत्नी मेरी फोर्ड यांचे ‘हाउ हाय द मून’ हे गाणे १९५१ साली अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. एकावर एक थर देऊन ध्वनिमुद्रण करण्याचे त्यांचे तंत्र त्या गाण्यात ऐकू येते. कंपनीला हवे होते ते हेच नाव. पण त्या गाण्यातली गिटार ‘लेस पॉल’ नव्हे, ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती. लेस पॉल तोपर्यंत स्वतः फेरफार केलेल्या एपिफोन गिटारी वाजवत. म्हणजे ज्या आवाजावर भुलून लोक १९५२ साली दुकानात गेले, तो आवाज त्या गिटारीचा नव्हता. करारानुसार लेस पॉल यांनी लोकांसमोर गिब्सनच वाजवायची आणि विक्रीवर मानधन घ्यायचे. सहीचा अर्थ हा करार, एवढाच होता.

रेडिओ दुरुस्त करणारे

मग आवाज कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आपलाच माणूस भेटला. माझ्याच धंद्यातला.

विजेच्या गिटारीत तारेखाली चुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे. पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. हा झाला पिकअप. अडचण अशी की हे वेटोळे अँटेनासारखेही वागते. आसपासच्या विजेची घरघर ते बिनचूक पकडते. गणपतीच्या मांडवात ट्यूबलाइटचे चोक आणि रोषणाईचे डिमर चालू असताना गिटारवाल्याने आवाज वाढवला की जी घूं घूं सुरू व्हायची, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. माझ्याकडे दर वर्षी दोन-तीन वादक तक्रार घेऊन यायचे. मी अर्थिंग तपासायचो, तांब्याची पट्टी लावायचो. घरघर कमी व्हायची, जायची नाही.

हा गुंता कॅलमाझूच्या कारखान्यात सेथ लव्हर यांनी सोडवला. हे गृहस्थ रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायरचे तंत्रज्ञ. त्यांनी एका वेटोळ्याऐवजी दोन शेजारी शेजारी बसवली. दोन्हींचे चुंबकीय ध्रुव उलट आणि फेऱ्यांची दिशाही विद्युतदृष्ट्या उलट. बाहेरून येणारी घरघर दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते, पण जोडणी उलट असल्याने एक दुसरीला खोडून काढते. तारेचे कंपन मात्र चुंबकामार्फत येते. तिथे ध्रुवही उलट आणि जोडणीही उलट, त्यामुळे दोन्ही संकेत एकमेकांत मिळतात आणि बळकट होतात. घरघर गेली, आवाज भरदार झाला. याला ‘हंबकर’ म्हणतात. १९५५ साली पेटंटसाठी अर्ज झाला, १९५७ साली तो लेस पॉल गिटारीवर बसला आणि १९५९ साली पेटंट मिळाले: क्रमांक २८,९६,४९१.

१९५७ ते १९६० या काळातल्या लेस पॉल गिटारींना आज जी किंमत येते, त्यामागचे एक मोठे कारण हा पिकअप आहे. तो उलटा केला की मागे चिकटपट्टी दिसते: ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’. पेटंट मिळाल्यानंतर, साठच्या दशकाच्या सुरुवातीस, चिकटपट्टी बदलली आणि तिच्यावर क्रमांक छापला. तो क्रमांक लव्हर यांच्या पेटंटचा असायला हवा होता. छापला गेला २७,३७,८४२. लेस पॉल यांच्या त्या गैरसोयीच्या तारदानाचा! नक्कल करणाऱ्यांची दिशाभूल व्हावी म्हणून कंपनीने मुद्दाम तसे केले, असे गिटारप्रेमी आजही सांगतात. कारण काहीही असो, गिटारीच्या डोक्यावर एकाचे नाव होतेच. दुसऱ्याच्या कामाच्या पाठीवरही पहिल्याचाच क्रमांक लागला.

प्रतिस्पर्धी लिओ फेंडर हेही मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. फुलर्टनमध्ये त्यांचे रेडिओचे दुकान होते, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणजे विसाव्या शतकाचा हा आवाज घडवणाऱ्या माणसांत सोल्डरिंगची कावीळ धरून बसणारे कितीतरी होते. हे वाचले त्या रात्री मला उगाचच बरे वाटले.

पुण्यातली परीक्षा

पुण्याच्या दुकानात आम्ही दुपारी गेलो. भिंतीवर लेस पॉल घराण्यातल्या चार गिटारी होत्या. एक सोनेरी, जुन्या पद्धतीच्या एकेरी वेटोळ्याच्या पिकअपची. एक पिवळ्या-तांबड्या छटेची, हंबकर लावलेली. एक काळी, ‘लेस पॉल कस्टम’. आणि एक अशी, की जिचे नॉब वर ओढले की हंबकरचे एक वेटोळे बंद पडते.

‘कस्टम’ हा शब्द आधी नीट समजून घ्यायला हवा. १९५४ साली आलेली ‘लेस पॉल कस्टम’ गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बनवलेली नव्हती. ते कॅटलॉगातलेच महागडे मॉडेल होते. काळा रंग, सोन्याचा मुलामा दिलेले भाग, पट्टीवर शिंपल्याचे चौकोन. काळ्या कोटातल्या वादकाच्या हाताशी ती शोभावी, बोटे उठून दिसावीत, असा लेस पॉल यांचा विचार. खरा पर्याय दिला तो फेंडरने. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी जाहीर केले की ५ टक्के जादा भरा आणि हवा तो रंग घ्या. हे रंग ड्यूपाँ कंपनीचे, मोटारींसाठी बनवलेले. ‘फिएस्टा रेड’ फोर्डच्या थंडरबर्डचा, ‘सर्फ ग्रीन’ शेव्हरलेचा, ‘लेक प्लॅसिड ब्लू’ कॅडिलॅकचा. मोटार निवडावी तशी गिटार निवडायची सवय गिऱ्हाइकाला लागली ती तेव्हापासून.

मी भाच्याला म्हणालो, “तू वाजव. मी भिंतीकडे तोंड करून बसतो.” त्याने तीच एक ओळ प्रत्येक गिटारीवर, त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर, क्रम बदलून वाजवली.

सोनेरी गिटार मी दर वेळी ओळखली. वाजण्याआधीच. दुकानातल्या दिव्यांची घरघर तिच्यातून येत होती. आणि वाजल्यावर तिचा आवाज अधिक धारदार, किंचित खरखरीत होता. नॉबवाली गिटारही ओळखू आली, कारण नॉब वर ओढताच लव्हर यांनी घालवलेली घूं घूं परत यायची. हे अटळ आहे. एक वेटोळे बंद केले की खोडणारा जोडीदारच उरत नाही. भाच्याला हे ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “म्हणजे जास्तीचे पैसे देऊन घरघर विकत घ्यायची?” मी म्हणालो, “घरघर आणि धारदारपणा, दोन्ही एकदम. हवं असेल तर घे, पण माहीत असून घे.”

पिवळी-तांबडी आणि काळी यांच्यात मात्र मी चारपैकी दोनदा चुकलो. काळीची किंमत जवळपास दुप्पट होती. एका दुपारच्या खेळावरून सिद्धांत मांडता येत नाही. कसलेल्या वादकाच्या बोटांना कळणारे फरक माझ्या कानांना कळणार नाहीत. दोन्ही गिटारींची पट्टी, वजन आणि हाताला होणारा स्पर्श वेगळा होता, हे भाच्याने सांगितले आणि ते मी मानतो. पण कानाला कळलेला मोठा फरक पिकअपचा होता. रंगाचा कानाला पत्ताच लागला नाही. रंग आवडला म्हणून घेणे यात काहीही गैर नाही. तो खर्च आवाजाच्या खात्यात मांडू नये, इतकेच.

नाव गेले, नाव आले

नावाचा पुढचा इतिहासही भाच्याला सांगितला. १९५८ पासून सोनेरी रंगाऐवजी चेरीच्या छटेची पिवळी-तांबडी लेस पॉल आली. खप नव्हता. १९६० पर्यंत दीड हजारांच्या आसपास गिटारी निघाल्या आणि उत्पादन थांबले. १९६१ साली कंपनीने तेच नाव पातळ, दोन शिंगांच्या वेगळ्याच गिटारीला लावले. लेस पॉल यांना ती आवडली नाही. करार संपला, घटस्फोटाचे प्रकरणही सुरू होते. १९६३ पर्यंत त्यांचे नाव गिटारीवरून गेले. ती गिटार ‘एसजी’ या नावाने आजही विकली जाते.

१९६६ साली इंग्लंडमध्ये जॉन मेयॉल यांच्या तबकडीवर तरुण एरिक क्लॅप्टनने जुनी, हंबकरवाली लेस पॉल मार्शल अ‍ॅम्प्लिफायर कर्कश होईपर्यंत वाढवून वाजवली. तो लांबत जाणारा, जाड आवाज ऐकून तरुण पोरे बंद पडलेल्या गिटारी शोधू लागली. १९६८ साली कंपनीला उत्पादन पुन्हा सुरू करावे लागले. लेस पॉल यांचे नाव परत आले, पण ते आणणारा आवाज त्यांच्या धाटणीचा नव्हता. त्यांना स्वच्छ, खणखणीत स्वर प्रिय. १९६९ पासून कंपनीने त्यांच्या खऱ्या आवडीच्या, कमी रोधाच्या पिकअपच्या गिटारीही काढल्या. लांब केबलमधूनही त्यांचा आवाज मंद होत नसे. सहीला सर्वांत जास्त जागलेली ती वाद्ये. पण गिऱ्हाइकांनी त्यांच्याकडे फारसे पाहिले नाही.

सही नेहमीच पोकळ असते असेही नाही. १९८८ साली फेंडरने पहिल्यांदा वादकाच्या नावाची गिटार काढली, ती क्लॅप्टनची. मधल्या पट्टीतले स्वर उचलणारे एक खास सर्किट तिच्यात होते. ती मागणी नावापुरती नव्हती, तारांच्या आत उतरली होती. म्हणून भाच्याला मी एकच कसोटी दिली. सहीमुळे लाकडात, घोडीत, पिकअपमध्ये किंवा सर्किटमध्ये काय बदलले, हे विचारायचे. दुकानदाराला सांगता आले तर त्याचे पैसे द्यायचे.

त्याने पिवळी-तांबडी गिटार घेतली. ठरावीक रंगात, साध्या नॉबची.

पेन्सिलीची अक्षरे

मिरजेला परतल्यावर मी त्या सतारवाल्या गृहस्थांकडे गेलो. मॅककार्टी, लव्हर, सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, “हे झाले साहेब लोक. हात कुणाचे?”

या वेळी माझ्याजवळ उत्तर होते, निदान फेंडरच्या कारखान्यापुरते. तिथल्या गिटारीची मान स्क्रूने बसवलेली असते. दुरुस्तीसाठी ती काढली की १९५० च्या दशकातल्या काही गिटारींच्या मानेच्या बुडाशी, सांध्यात दडलेली पेन्सिलीची दोन अक्षरे सापडतात: टी. जी. ही टाडेओ गोमेझ या मान तासणाऱ्या कामगाराची खूण. आणि अ‍ॅबिगेल इबारा. १९५६ साली कारखान्यात लागलेल्या या बाईंनी पुढची अनेक दशके पिकअपचे फेरे गुंडाळले. वादकांना त्यांच्या हातचा आवाज इतका भावला की पुढे कंपनीच्या ‘कस्टम शॉप’मध्ये त्यांच्या हातचे, त्यांच्या सहीचे पिकअप हा जादा पैसे देऊन घ्यायचा पर्याय झाला.

गृहस्थ हसले. “म्हणजे आलं की नाव. उशिरा का होईना.” मग त्यांनी समोरचा अर्धवट तंबोरा उचलला आणि आतल्या बाजूस, तबली बसवल्यावर दिसणार नाही अशा जागी, स्वतःच्या वडिलांच्या सवयीप्रमाणे पेन्सिलीने लिहिलेली तारीख मला दाखवली.

त्या रात्री मी व्याख्यानाची वही काढली. ‘लेस पॉल यांनी तयार केलेली गिटार’ ही ओळ खोडली आणि वर लिहिले, ‘लेस पॉल यांच्या नावाची गिटार’. त्याखाली सेथ लव्हर हे नाव लिहिले, आणि त्याच्यापुढे त्यांचा योग्य क्रमांक.